विचारायचे कोणाला? केंद्राविना जाळ्यांतील शोधाची प्रस्तावना

ऑक्टोबर १९६९ मध्ये तारापूरच्या अणुऊर्जा केंद्रातून व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू झाली. त्याच महिन्याच्या २९ तारखेला लॉस एंजेलिसमधील विद्यापीठातल्या एका संगणकाने स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेतील संगणकाला पहिला संदेश धाडला आणि आर्पानेट जन्माला आले. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. योगायोगातून अर्थ काढण्याची हौस मला नाही. तरीही पालघर-बोईसरच्या विद्यार्थ्यांपुढे हा विषय मांडायचा तर सुरुवात इथून करावी असे वाटते, कारण जाळे उभारण्याच्या दोन रीती या जोडीत लगत उभ्या आहेत. तारापूरची वीज एका ठिकाणी तयार होते आणि तारांवरून दूरवर जाते. घरातला दिवा काही तारापूरला वीज परत पाठवत नाही. आर्पानेटवर डिसेंबरअखेर चार यंत्रे जोडली गेली होती आणि चारांपैकी प्रत्येक यंत्र विचारणारेही होते, उत्तर देणारेही होते.

पुढच्या तीस वर्षांत इंटरनेट पहिल्या रीतीकडे झुकत गेले. आज आपण फोनवर काही शोधतो तेव्हा प्रश्न एखाद्या मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरकडे जातो आणि उत्तर तिथून येते. फोनच्या पोटात संगणकाची सगळी ताकद असूनही तो नुसता मागणारा. पीअर-टू-पीअर जाळ्यांनी दुसरी रीत पुन्हा वर काढली. तिथे सगळी यंत्रे एका पातळीवरची, प्रत्येकाकडे थोडा माल, थोडी माहिती, थोडी जबाबदारी. हे ऐकायला फार छान वाटते, पण पहिल्याच दिवशी एक अडचण उभी राहते. लाखो यंत्रांपैकी मला हवी ती वस्तू कोणाकडे आहे, हे सांगणारा चौकशीचा खिडकीवालाच नाही. मग विचारायचे कोणाला?

या एका प्रश्नावर गेल्या पंचवीस वर्षांत जे शास्त्र उभे राहिले त्याची ही प्रस्तावना. माझे सांगणे एवढेच की केंद्र काढून टाकले म्हणून शोधाचा खर्च नाहीसा होत नाही, तो जागा बदलतो. कधी तो विचारताना भरावा लागतो, कधी वस्तू ठेवताना, कधी जाळ्याची घडी सांभाळताना. एखादी पद्धत कार्यक्षम आहे असे कोणी सांगितले की त्याला लगेच विचारावे, खर्च कोणाच्या अंगावर गेला? पुढची सगळी गणिते या प्रश्नाच्या उजेडात वाचली तर ती कोरडी राहत नाहीत.

१९९९ साली आलेल्या नॅप्स्टरने हा प्रश्न टाळला होता. गाणी लोकांच्या संगणकांवर, पण कोणते गाणे कोणाकडे आहे याची यादी मात्र कंपनीच्या सर्व्हरवर. शोध झटपट व्हायचा, पण खटला उभा राहिला तेव्हा न्यायालयाला बोट ठेवायला जागाही एकच होती. जुलै २००१ मध्ये ती सेवा बंद पडली. पीअर-टू-पीअर म्हटले की आपल्याकडे अजूनही अनेकांच्या डोळ्यांपुढे चोरून उतरवलेला सिनेमाच येतो, त्याचे मूळ या काळात आहे. विषयाची ही बदनामी पूर्णपणे खोटी नाही, पण तिच्यापायी हा विषय शिकायचाच राहिला तर नुकसान आपले.

मार्च २००० मध्ये आलेल्या नटेलाने यादीच काढून टाकली. तुमचे यंत्र आपल्या तीन-चार शेजाऱ्यांना विचारायचे, ते आपापल्या शेजाऱ्यांना, ते पुढच्यांना. प्रश्न सगळीकडे पसरतो, म्हणून या पद्धतीला पूर-पद्धत म्हणू. पूर अनंत वाहू नये म्हणून प्रत्येक प्रश्नासोबत एक आकडा असे, बहुधा सात. प्रत्येक टप्प्यावर तो एकाने कमी होई आणि शून्यावर प्रश्न मरे.

इथे वही-पेन घ्या. प्रत्येक यंत्राला चार शेजारी धरा. पहिल्या टप्प्यात ४ जणांना प्रश्न पोचतो. त्या प्रत्येकाकडे ज्याच्याकडून प्रश्न आला तो सोडून तीन शेजारी उरतात, म्हणून दुसऱ्या टप्प्यात १२, तिसऱ्यात ३६. सात टप्प्यांची बेरीज ४,३७२ होते. त्यातले २,९१६ संदेश एकट्या सातव्या टप्प्यातले, म्हणजे दोन-तृतीयांश खर्च शेवटच्या पावलावर. उत्तर चौथ्या टप्प्यातच सापडणार असेल तर १६० संदेशांत काम भागले असते, पण पूर ते कसे ओळखणार? उत्तर मिळाल्यावरही तो दुसऱ्या बाजूंना पसरतच राहतो. शिवाय हे गणित सौम्य आहे. खऱ्या जाळ्यात वाटा एकमेकींना छेदतात आणि तोच प्रश्न एकाच यंत्राकडे दोन-तीन वाटांनी पुन्हा येऊन धडकतो.

विद्यार्थी पूर-पद्धतीला हसून पुढे जातात. मला ते मान्य नाही. तिच्यात जाळ्याची रचना कशीही चालते, यंत्रे केव्हाही येवोत-जावोत, आणि प्रश्न कोणत्याही शब्दांत विचारता येतो, कारण प्रत्येक यंत्र आपली कपाटे स्वतःच्या डोळ्यांनी तपासते. हे तिन्ही गुण पुढच्या हुशार पद्धतींना महागात मिळवावे लागले.

सुधारणेच्या पहिल्या वाटा पुरालाच बांध घालणाऱ्या होत्या. २००२ मध्ये स्टॅनफर्डच्या बेव्हर्ली यांग आणि हेक्टर गार्सिया-मोलिना यांनी सुचवलेली एक पद्धत वरच्या हिशेबातून सरळ निघते. आधी थोड्या टप्प्यांपर्यंत विचारा, उत्तर न मिळाल्यास मर्यादा वाढवा. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने पूर सोडून भटके पाठवले. प्रश्नाच्या काही मोजक्या प्रती निघतात आणि प्रत्येक प्रत दर टप्प्यावर वाटेल त्या एकाच शेजाऱ्याकडे जाते. त्यांच्या प्रयोगांत उत्तर पुराइतक्याच, म्हणजे जवळजवळ तितक्याच वेगाने मिळाले आणि जाळ्यावरची वाहतूक अनेकदा शंभरपटीने उतरली.

याच कामातून निघालेला एक निष्कर्ष मला या सबंध विषयातला सर्वांत देखणा वाटतो. एखाद्या वस्तूला जितकी मागणी तितक्या तिच्या प्रती ठेवाव्यात, हे कोणालाही पटेल. उलट सगळ्यांच्या प्रती सारख्या ठेवाव्यात, असे कोणी समतावादी म्हणेल. एडिथ कोहेन आणि स्कॉट शेंकर यांनी दाखवले की भटकत शोधताना या दोन्ही टोकांचा सरासरी खर्च अगदी सारखाच येतो. सर्वांत कमी खर्च यांच्या मधोमध आहे, आणि तो मध्य म्हणजे मागणीचे वर्गमूळ. एका गाण्याला दुसऱ्याच्या शंभरपट मागणी असेल तर त्याच्या प्रती दहापट ठेवा. लोकप्रिय वस्तू मागणीच्या प्रमाणात ठेवली तर ती लगेच सापडते खरी, पण दुर्मीळ वस्तूचा शोध इतका लांबतो की वाचलेले सगळे तिथे जाते.

पण पुराचे आणि भटक्यांचे मूळ दुखणे एकच. वस्तू कुठे असावी याला काही नियमच नाही, म्हणून ती सगळीकडे शोधावी लागते. बोईसर स्टेशनवर उतरून तारापूर एमआयडीसीत एखादा कारखाना नुसत्या नावावर शोधून पाहा. रिक्षावाला दुसऱ्या रिक्षावाल्याला विचारतो, तो चहाच्या टपरीवर विचारतो, टपरीवाला म्हणतो, या नावाची कंपनी दोन वर्षांपूर्वी नाव बदलून गेली. तेच हातात प्लॉट नंबर असेल तर विचारण्याचे स्वरूप बदलते. समोरच्याला तो कारखाना माहीत असायची गरज उरत नाही. नंबर कोणत्या बाजूला वाढत जातात एवढे त्याला सांगता आले की पुरे. २००१ साली जी क्रांती झाली ती बव्हंशी एवढीच आहे. मात्र एक फरक लक्षात ठेवावा. एमआयडीसीच्या प्लॉटचा नकाशा कार्यालयात असतो, म्हणजे केंद्र आलेच. या नव्या पद्धतींनी नकाशाचेच तुकडे करून ते सगळ्या रहिवाशांत वाटून टाकले.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये सॅन डिएगोला भरलेल्या सिगकॉम परिषदेच्या ग्रंथात दोन निबंध एकाला एक लागून छापले आहेत, पाने १४९ ते १६० आणि १६१ ते १७२. पहिला कॉर्ड या पद्धतीचा. त्याच्या लेखकांत एमआयटीचे हरी बालकृष्णन आहेत. त्यांचा जन्म नागपूरचा. दुसरा कॅन या पद्धतीचा. त्याची पहिली लेखिका सिल्व्हिया रत्नसामी, जिने १९९७ मध्ये पुणे विद्यापीठाची अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि मग बर्कलेला पीएचडीसाठी गेली. या कामासाठी तिला पुढे २०१४ चा ग्रेस मरे हॉपर पुरस्कार मिळाला. आपल्याकडच्या विद्यापीठातून बाहेर पडल्यावर चार वर्षांच्या आत एका मुलीने संगणकशास्त्राची एक शाखा उभी करायला हातभार लावला, हे पालघर-बोईसरच्या अभियांत्रिकीच्या वर्गांत सांगितले जात नसेल तर सांगायला हवे.

कॅनची कल्पना कागदावर काढून दाखवता येते. एक मोठा चौकोन घ्या. त्याची डावी कड उजवीला आणि वरची खालच्या कडेला जोडलेली आहे असे माना, म्हणजे एका कडेने बाहेर पडलेला समोरच्या कडेने आत येतो. पहिले यंत्र आले की सगळा चौकोन त्याचा. दुसरे आले की पहिल्याने आपला अर्धा भाग त्याला तोडून द्यायचा. तिसरे येते, कुठेतरी एक बिंदू निवडते, आणि तो बिंदू ज्याच्या हद्दीत पडेल त्याच्या जमिनीचे पुन्हा दोन तुकडे होतात. असे करत लाख यंत्रे आली तरी प्रत्येकाला फक्त आपल्या हद्दीला लागून असलेले शेजारी माहीत असले की पुरे, साधारण चार. आता वस्तू कुठे ठेवायची? तिच्या नावाला हॅश नावाच्या गणिती चरकातून काढायचे. चरकातून चौकोनातल्या एका बिंदूचे स्थान बाहेर पडते. तो बिंदू ज्याच्या हद्दीत, त्याच्याकडे त्या वस्तूचा पत्ता. शोधणाराही तेच नाव त्याच चरकात घालतो, त्याला तोच बिंदू मिळतो, आणि प्रश्न शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे त्या दिशेने सरकत जातो.

दहा लाख यंत्रे असतील तर या साध्या चौकोनात सरासरी पाचशे पावले पडतात. पुरापुढे हे काहीच नाही, पण तरी पाचशे म्हणजे फार. कॅनची गंमत अशी की चौकोन सोडून जास्त मितींचा अवकाश घेता येतो. दहा मिती घेतल्या तर प्रत्येकाचे शेजारी वीस होतात आणि पावले दहाच्या आसपास उतरतात. कॉर्डमध्ये सगळी यंत्रे एका वर्तुळावर बसलेली असतात आणि प्रत्येक यंत्र वर्तुळावर अर्ध्या अंतरावरचा, पाव अंतरावरचा, अष्टमांशावरचा असे ओळखीचे लोक लक्षात ठेवते. दहा लाखांच्या वर्तुळात अशा वीस ओळखी होतात आणि सरासरी दहा पावलांत शोध संपतो. दोन वेगळ्या भूमिती, दोन वेगळे गट, आणि हिशेब येऊन थांबतो एकाच जागी: वीस ओळखी, दहा पावले. वीस कुठून आले? दोनाला स्वतःशी वीसदा गुणले की दहा लाखांच्या थोडे वर जाते. प्रत्येक पावलाला उरलेले अंतर निम्मे करता येणे, हे त्यामागचे बळ.

त्याच सुमाराला पेस्ट्री आणि टॅपेस्ट्री या अशाच नियमबद्ध पद्धती आल्या, २००२ मध्ये पेतार मायमुन्कोव्ह आणि डेव्हिड माझिएर यांची कॅडेम्लिया. व्यवहारात बाजी मारली ती कॅडेम्लियाने. २००५ पासून बिटटोरंट, नंतर आयपीएफएस आणि इथेरियमच्या यंत्रांची परस्परओळख, सगळी तिच्या वळणाची. तिच्यातला एक बारकावा पालघरच्या वाचकाला लगेच पटेल. शेजाऱ्यांच्या यादीत जागा नसेल तर कॅडेम्लिया नव्या यंत्रासाठी जुन्याला हाकलत नाही. जुने यंत्र उत्तर देत असेल तर तेच ठेवते. कारण मोजमापांतून असे दिसले होते की जे यंत्र बराच वेळ चालू आहे ते पुढेही चालू राहण्याची शक्यता जास्त. जिथे पावसाळ्यात वीज जाते, जिथे लोकांचे यंत्र म्हणजे खिशातला फोन आणि त्याची बॅटरी संध्याकाळी संपते, तिथे हा नियम पुस्तकी राहत नाही. फोनची आणखी एक अडचण आहे. मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एका सामायिक पत्त्यामागे ठेवतात, म्हणून बाहेरून त्या फोनपर्यंत सरळ पोचता येत नाही. असा फोन प्रश्न विचारू शकतो, पण दुसऱ्याच्या प्रश्नाला दार उघडणे त्याला अवघड. सगळे समान, या घोषणेला इथे पहिला तडा जातो.

दुसरा तडा आधीच पडला होता. २००० साली एटन आदार आणि बर्नार्डो ह्युबरमन यांनी नटेलाची पाहणी केली तेव्हा सुमारे ७० टक्के लोक इतरांना काहीच देत नव्हते आणि जवळजवळ निम्मी उत्तरे वरच्या एक टक्का यंत्रांकडून येत होती. कागदावर केंद्र नव्हते, पण प्रत्यक्षात ते उगवले होते. काही संशोधकांनी याची लाज न बाळगता उपयोग करून घेतला. जी यंत्रे तगडी आहेत त्यांच्याकडे जास्त प्रश्न वळवा, दुबळ्यांवर ओझे टाकू नका. २००३ च्या जिआ या रचनेत हेच आहे, आणि तिच्या लेखकांत पुन्हा रत्नसामी आहेत. स्वतः घडवलेल्या नियमबद्ध पद्धतीला बाजूला ठेवून नियमहीन जाळे कितपत सुधारता येईल, हे तपासायला त्या मोकळ्या मनाने गेल्या, याचे मला विशेष वाटते.

आता मराठी वाचकाला फार जवळची अशी एक गोष्ट. हॅशचा चरक अतिशय काटेकोर असतो. नावातले एक अक्षर हलले की बाहेर पडणारा बिंदू चौकोनाच्या भलत्याच कोपऱ्यात जातो. जवळची नावे जवळ ठेवायची त्याला सवयच नाही, उलट ती विखरून टाकणे हेच त्याचे काम. आता कुणी लिहितो बोईसर, कुणी बोइसर. कुणी तारापूर, कुणी तारापुर. माणसाच्या डोळ्याला हे एकच गाव, चरकाला दोन. त्याहून वाईट म्हणजे डोळ्याला तंतोतंत सारखे दिसणारे शब्दही वेगळे निघू शकतात. ‘दुसऱ्या’मधला ऱ युनिकोडमध्ये एकसंध अक्षर म्हणून साठवता येतो, साधा र आणि खाली टिंब असाही साठवता येतो, अर्धा र अदृश्य जोडचिन्ह घालूनही उमटवता येतो. यांपैकी पहिल्या दोहोंचा घोळ युनिकोडच्या प्रमाणीकरणाने मिटतो. ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ कोणतेही प्रमाणीकरण मिटवणार नाही, कारण तो संगणकाचा नव्हे, आपलाच आहे. पूर-पद्धतीला याची पर्वा नव्हती. तिथे प्रत्येक यंत्र ‘जवळपास जुळते का’ असे स्वतः पाहू शकत होते. नियमबद्ध पद्धतीने वेग मिळवला आणि ही सैल समजूत गमावली. उपाय आहेत. शब्दाचे दोन-तीन अक्षरांचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याची नोंद ठेवणे, किंवा सारखे शब्द सारख्या जागी पडतील असा मुद्दाम ढिला चरक वापरणे. पण प्रत्येक उपायाने नोंदी वाढतात, आणि नोंदी कोणाच्या तरी यंत्रावर बसतात.

एकाहून जास्त शब्दांचा शोध ही पुढची पायरी. ‘चिकू’ या शब्दाच्या नोंदी एका यंत्रावर, ‘घोलवड’च्या दुसऱ्यावर. दोन्ही शब्द असलेली कागदपत्रे हवीत तर एकाने आपली यादी दुसऱ्याकडे पाठवायला हवी. यादीत दहा हजार नोंदी आणि प्रत्येक नोंदीचा क्रमांक वीस बाइटचा असेल तर दोन लाख बाइट झाले, एका साध्या प्रश्नासाठी. १९७० साली बर्टन ब्लूम यांनी सुचवलेली एक युक्ती इथे उपयोगी पडते. यादी न पाठवता तिचा ठसा पाठवायचा, दर नोंदीमागे सुमारे दहा बिटांचा. दोन लाखांचे साडेबारा हजार बाइट होतात. ठसा कधीमधी, साधारण शंभरात एकदा, नसलेल्या नोंदीला ‘आहे’ म्हणतो. असलेल्याला ‘नाही’ मात्र कधीच म्हणत नाही. म्हणून दुसऱ्या यंत्राने निवडलेल्या नोंदी परत पाठवून खात्री करून घेतली की उत्तर चोख. २००३ मध्ये पॅट्रिक रेनल्ड्स आणि अमीन वाहदत यांनी ब्लूमचा हा ठसा पीअर-टू-पीअर शब्दशोधाला लावून दाखवला. त्याच वर्षी आणखी एका गटाने सबंध वेबचा शोध असा केंद्राविना चालेल का याचा हिशेब मांडला आणि निष्कर्ष काढला की सरळसोट पद्धतींनी नाही. सगळ्या युक्त्या एकत्र लावल्या तर जेमतेम शक्यतेच्या जवळ येते. गूगलला घरोघरच्या यंत्रांनी हरवण्याचे स्वप्न ज्यांना पडते त्यांनी तो हिशेब जरूर वाचावा. स्वप्न सोडा असे मी म्हणत नाही.

इतका वेळ आपण पावले मोजली. पावले सगळी सारखी असतात का? पालघर जिल्ह्यात राहणाऱ्याला हे विचारायचीही गरज नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात एका अंगाला रेल्वेमार्ग, एमआयडीसी आणि समुद्रकिनारा आहे, दुसऱ्या अंगाला जव्हार-मोखाड्याचे डोंगर आणि विखुरलेले पाडे. एक पाऊल फायबरवरून, दुसरे डोंगराआडच्या टॉवरवरून.

नेमक्या याच जिल्ह्यात जाळ्यांचा एक गाजलेला प्रयोग झाला. आयआयटी मुंबईच्या अभय करंदीकर यांच्या नेतृत्वाखाली ग्राममार्ग प्रकल्पाने पालघर तालुक्यातल्या खामलोली आणि आसपासच्या गावांत टीव्हीच्या रिकाम्या लहरींवरून इंटरनेट पोचवून पाहिले. दूरचित्रवाणीसाठी राखलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला मोठा भाग आपल्या देशात वापराविना पडून असतो, आणि या लहरी झाडे-टेकड्यांच्या आडून वायफायपेक्षा बऱ्या जातात. भारतातला अशा प्रकारचा हा पहिला प्रयोग. पुढे त्यांनी ५.८ गिगाहर्ट्झच्या वायफाय दुव्यांनी आणखी गावे जोडली. गावापर्यंत फायबर आले तरी तिथून पाड्यापर्यंतचा मधला पल्ला कोण ओलांडणार, हा त्यांचा प्रश्न होता, आणि उत्तरात त्यांनी सरकार व खासगी उद्योजकांबरोबर ग्रामपंचायतीलाही भागीदार केले. २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत या प्रकल्पाला सव्वा लाख डॉलरचे पहिले बक्षीस मिळाले.

ग्राममार्ग हा काही पीअर-टू-पीअर शोधाचा प्रकल्प नव्हता. पण तसले जाळे डोळ्यांपुढे ठेवले की वरच्या ‘वीस ओळखी, दहा पावले’ या हिशेबातली फट दिसते. समजा खामलोलीतल्या एका मुलीने दहावीच्या विज्ञानाचा व्हिडिओ उतरवून घेतला आहे आणि अर्ध्या मैलावरच्या पाड्यातल्या मुलाला तोच हवा आहे. कॉर्डचे वर्तुळ खामलोली जाणत नाही. चरकाने त्या व्हिडिओच्या पत्त्याची नोंद कॅलिफोर्नियातल्या यंत्रावर टाकली असेल तर प्रश्न तिथवर जाणार. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. साडेतेरा हजार किलोमीटरच्या एकेरी प्रवासाला किमान पासष्ट-सत्तर मिलिसेकंद लागतात, आणि अशी पावले एकाहून जास्त असू शकतात. वेळ तरी सोसवेल, पण या प्रवासात खेड्याचा तो एकुलता, अरुंद, बाहेरचा दुवा खर्ची पडतो. मीठ शेजारच्या घरात असताना ते जगभर विचारून आणल्यासारखे हे नाही, त्याहून वाईट आहे, कारण विचारण्याचा रस्ताच सगळ्या गावाला मिळून एक.

संशोधकांना हे लवकर उमगले. समान योग्यतेच्या ओळखींमधून जवळची ओळख निवडावी, हे पेस्ट्रीत सुरुवातीपासून आहे. कोणत्या भूमितीत अशा निवडीला किती वाव आहे याची तुलना २००३ मध्ये कृष्णा गुम्मडी आणि सहकाऱ्यांनी केली. न्यूयॉर्क विद्यापीठात घडलेल्या कोरल या रचनेने २००४ मध्ये थर केले. आधी जवळच्या यंत्रांच्या लहान जाळ्यात विचारा, तिथे नाही मिळाले तर मोठ्या जाळ्यात, शेवटी सगळ्या जगात. पाडा, गाव, तालुका, जग, अशी उतरंड मांडली तर हीच रचना पालघरला बसेल असे मला वाटते, पण ती कोणी इथे मोजून पाहायला हवी. टॉवर पडला आणि गाव बाहेरच्या जगापासून तुटले तर आतला शोध चालू राहील का? तुटलेले तुकडे पुन्हा जुळले की दोन बाजूंच्या नोंदी कशा मिसळायच्या? व्हॉट्सॅपवर फिरणाऱ्या अफवेला शोधात वर येण्यापासून कोण थांबवणार, जेव्हा एकच माणूस शंभर खोटी यंत्रे उभी करून शंभर मते देऊ शकतो? या शेवटच्या दुखण्याला जॉन डाउसर यांनी २००२ च्या निबंधात सिबिल हल्ला म्हटले आणि ओळख तपासणारे केंद्र नसेल तर ते मुळापासून बरे होत नाही असे दाखवले. केंद्राविना राहण्याची ती किंमत आहे. किती भरायची ते ज्याचे त्याने ठरवावे.

जॉन क्लाइनबर्ग यांचा २००० सालचा निबंधही वाटेत गाठावा असा आहे. दोन अनोळखी माणसे ओळखीच्या पाच-सहा दुव्यांनी जोडलेली असतात हे आपण ऐकलेले असते. क्लाइनबर्ग विचारतात, जोडलेली असतील, पण तो मार्ग त्यांना सापडतो कसा? जाळीदार पटावर दूरच्या ओळखी अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात विखुरल्या तरच, केवळ आपल्या शेजारचे पाहून पुढे सरकणाऱ्याला, मार्ग लवकर सापडतो. ओळखी फार स्वैर झाल्या तर छोटा मार्ग अस्तित्वात असतो, पण चालणाऱ्याला तो कळत नाही. कॉर्डच्या अर्ध्या-पाव-अष्टमांशाच्या ओळखी का चालतात, हे या निबंधानंतर जास्त खोल कळते.

हे शास्त्र फाइलींच्या देवाणघेवाणीपुरते उरलेले नाही. ॲमेझॉनने २००७ मध्ये जाहीर केलेली डायनॅमो आणि फेसबुकमध्ये घडलेली कॅसँड्रा या साठवण यंत्रणा याच वर्तुळाच्या कल्पनेवर उभ्या आहेत. केंद्र मोडायला निघालेली युक्ती शेवटी केंद्रांच्याच पोटात जाऊन बसली, म्हणून कुणी हळहळेल. बोईसरमधून संगणकाची पदवी घेऊन मुंबई-पुण्यात नोकरीला लागणाऱ्या मुलामुलींना मात्र ती बहुधा तिथेच भेटेल.

नव्याने येणाऱ्याने कॅनच्या बारा पानांपासून सुरुवात करावी असे मी सुचवतो. कॉर्ड नेटका आहे, कॅडेम्लिया उपयोगी आहे, पण कॅन हाताने करता येतो. आलेखाचा कागद घ्या, चौकोन आखा, मित्रांची नावे घेऊन एकेक यंत्र आणा आणि दरवेळी कोणाच्या जमिनीचे तुकडे झाले ते रंगवा. सोळा यंत्रे झाली की एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यातल्या बिंदूपर्यंत पावले मोजा. कडा जोडलेल्या आहेत हे विसरलात तर आकडा मोठा येईल. मग मधले एक यंत्र न सांगता खोडून टाका. त्याची जमीन आता कोण घेणार, त्याच्याकडच्या नोंदींचे काय, आणि ते गेले हे शेजाऱ्यांना कधी आणि कसे कळणार, हे कागदावरच ठरवून पाहा. त्यानंतर निबंधाचा दुसरा भाग उघडा आणि रत्नसामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी काय ठरवले ते ताडून पाहा.